दुपारी दोनपर्यंत घरी असणाऱ्या माणसाचा डबा

ताई, नमस्कार.

मी राजारामपुरीत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. घरी हे, आत्या (म्हणजे सासूबाई) आणि चौथीतली मुलगी. हे शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी.

मुलीनं मोबाइलवर जपानी बेन्तो डब्यांचे व्हिडिओ बघितले आणि जूनपासून तिला तसाच डबा हवा झालाय. मलाही हौस वाटली. कप्प्यांचा डबा आणला, सिलिकॉनच्या वाट्या आणल्या, गाजराची फुलं पाडायचा साचा आणला. आता पावणेपाचला उठते. चपात्या, भाजी, ह्यांचा डबा, माझा डबा, आत्यांचं जेवण झाकून ठेवायचं, आणि वर हा बेन्तो. रिक्षावाले काका सव्वासातला येतात. गंमत म्हणजे गाजराची फुलं तशीच परत येतात आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी संपलेली असते.

ह्यांची दुसरी पाळी असते तेव्हा ते दुपारी दोनपर्यंत घरीच असतात. त्यांचाही डबा मीच साडेनऊला, कामावर जायच्या आधी भरून ठेवते. परवा म्हटलं, मला झेपत नाही. तर म्हणाले, “बेन्तो मी सांगितलेला नाही. आणि मदत करायला मी कधी नाही म्हटलंय? सांग काय करू.” आत्या म्हणाल्या, “आम्ही चटणी-भाकरी बांधून दिली, तरी पोरं मोठी झालीच की.” हेच गृहस्थ मित्रांच्या रस्सा मंडळात चाळीस जणांचं मटण एकटे करतात, तेही सांगून टाकते.

बेन्तो बंद करू का? की भांडण न होता ह्यांना कसं सांगायचं ते तुम्ही सांगाल?

– एक डबेवाली

---

प्रिय डबेवाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याला अडकले. बेन्तोच्या नव्हे. दुसऱ्या पाळीचा डबा तू साडेनऊला भरून ठेवतेस, त्या वाक्याला.

हिशोब कर. दुसरी पाळी तीनला लागते. जेवणाची सुट्टी संध्याकाळी सात-साडेसातला होत असेल. म्हणजे सकाळी साडेनऊला बंद केलेलं झाकण दहा तासांनी उघडतं, त्यातही निम्मा वेळ तो डबा फौंड्रीच्या उकाड्यात. मी गृहविज्ञान शिकवण्यात उभा जन्म घालवला, त्यामुळे माझं लक्ष नवरा-बायकोच्या आधी भाताकडे जातं, काय करू! शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जितकं रेंगाळेल तितके जंतू त्यात सुखानं वाढतात. पुस्तकी नियम दोन तासांचा, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली की एकाच तासाचा. हा नियम काटेकोर धरला तर कोल्हापुरातला एकही डबा पास होणार नाही, हे मलाही कळतं. चपाती आणि कोरडी भाजी चार-पाच तास निभावून नेतात. पण गरम-कोमट झाकून ठेवलेल्या भाताचं तसं नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाचा एक जंतू असतो, त्याचे बीजाणू भात शिजवल्यावरही तग धरू शकतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यातून उलट्या करणारं जे विष तयार होतं ते डबा पुन्हा गरम केला तरी जात नाही. मग “कालचं मटण बाधलं असेल” म्हणून मटणावर आळ येतो.

तेव्हा पहिली गोष्ट. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातला ह्यांचा डबा तू आजपासून भरायचा नाहीस. हा राग नाही, रुसवा नाही, असहकार तर नाहीच. तो डबा दुपारी दीडच्या आधी भरलाच जाऊ नये, आणि दीड वाजता घरात धडधाकट असा माणूस एकच आहे. आत्यांकडे बघू नकोस. सकाळच्या चपात्या तू करतेसच, त्यातल्या चार फडक्यात गुंडाळलेल्या असतील. बाकी भाजी काय करायची, ती आणायची, चिरायची, फोडणी घालायची, डब्यात भरायची आणि रात्री साडेअकराला आल्यावर तोच डबा घासून पालथा घालायचा, हे सगळं त्यांचं. चाळीस जणांचा तांबडा-पांढरा करणाऱ्याला एका माणसाची दोडक्याची भाजी येत नाही, असं मला कुणी सांगू नये. रस्सा मंडळात खोबरं किती भाजायचं हे ज्याला कळतं, त्याला मोहरी कधी तडतडली हेही कळतं. उलट त्यांचा प्रश्न निराळा असेल: एका माणसाच्या भाजीला मीठ किती, हा. दोन दिवस खारट होईल. होऊ दे.

आता त्या “सांग काय करू”कडे येते.

हे वाक्य ऐकायला किती गोड आहे! त्यात नकार नाही, आवाज चढलेला नाही, शेजारीण ऐकेल तर म्हणेल, नशीबवान आहेस गं. पण त्यांना एवढंच विचार: फौंड्रीत मोल्डिंगवाला दर साच्यापाशी थांबून “साहेब, सांगा काय करू” म्हणाला, तर तुम्ही त्याला किती दिवस ठेवाल? साहेबाचं काम हलकं करायला माणूस ठेवायचा आणि त्याला कामं सांगण्याचंच एक नवं काम साहेबाच्या मागे लागायचं. तू घरातली सुपरवायझर आहेस आणि कामगारही तूच आहेस. ही पाळी कधी बदलत नाही.

डबा म्हणजे काही चपाती-भाजी नव्हे. मटकी आज रात्री भिजली नाही तर परवा मोड नाहीत, हे तुला चहा पिताना आठवतं. गुरुवारी पोरीचा पीटीचा तास, त्या दिवशी जास्त भूक लागते. डब्याच्या झाकणातल्या रबराला वास यायला लागलाय, ते काढून धुवायला हवं. दही संपलंय. हे सगळं तुझ्या डोक्यात चोवीस तास उकळत असतं आणि कुणाला दिसत नाही. केंद्र सरकारनं २०२४ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात त्याचं सर्वेक्षण केलं. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. आणि हे पुरुष म्हणजे घरकामाला हात लावणारे. जे लावतच नाहीत ते या सरासरीत नाहीतच. चहा पिताना मटकी आठवली, ती मिनिटं कुठल्या रकान्यात लिहायची, ते मला अजून उमगलेलं नाही.

म्हणून मदत मागू नकोस. मदत मागितली की काम तुझंच राहतं, त्यांचा नुसता हात लागतो. एक अख्खा डबा देऊन टाक, विचारापासून घासण्यापर्यंत. भाजीचा अर्धा भाग, चिरण्यापुरता भाग, असले तुकडे नकोत.

(आपल्या कोल्हापुरात बायकाही बिनदिक्कत “मी जातो”, “मी आलो” म्हणतात. पुण्याची पाहुणी आली की हसते. मला त्यात नेहमी वाटतं, बाई बोलण्यात पुरुषाच्या क्रियापदावर इतक्या सहज जाऊन बसली, तर पुरुषाला ओट्यापाशी यायला एवढा वेळ का लागावा? असो.)

आता बेन्तो. बंद करू नकोस. पण तू जे करतेयस तो बेन्तो नव्हे, ती रोजची हळदीकुंकवाची आरास आहे.

जपानीत बेन्तो म्हणजे आपला डबाच. शेतावर न्यायचा, रेल्वे स्टेशनवर विकत मिळणारा, पूर्वी नाटकाच्या दोन अंकांमधल्या वेळात खायचा, सगळे बेन्तोच. कार्टूनचे चेहरे, फुलं, अस्वलं काढतात ती त्यातली एक वेगळी तऱ्हा, तिला क्याराबेन म्हणतात. व्हिडिओत तेवढीच दिसते, कारण साध्या डब्याचा व्हिडिओ कोण बघणार? आणि तिथल्याही आयांना पहाटे उठून अस्वलाचे कान कापावे लागतात, तेव्हा जपानला सगळं आलबेल आहे असं समजू नकोस. पण तिथं एक शब्द आहे तो मला फार आवडला: बेन्तो-दान्शी. स्वतःचा डबा स्वतः करून कामावर नेणारा पुरुष. २००९ च्या सुमाराला हा शब्द तिथं बराच गाजला. रात्री जेवताना सहज सांगून बघ. बघताना तोंड सरळ ठेव.

साध्या बेन्तोत शिकण्यासारखं आहे ते त्याचं मोजमाप, आणि ते तुझ्या यजमानांच्या डोक्याला साजेसं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिथं डब्याच्या आकारावरून जेवण ठरवतात. ६०० मिलीचा डबा नीट दाबून भरला तर साधारण ६०० कॅलरी, असा ठोकताळा. डबा किती मिलीचा हे त्याच्या बुडाला लिहिलेलं नसेल तर पाण्यानं भरून मोजायचं. नऊ वर्षांच्या पोरीला ५००-६०० मिली पुष्कळ झालं. मग डब्याचे सहा भाग समजायचे: तीन भाग भात, एक भाग अंडं-मासा-डाळीसारखं काही, दोन भाग भाज्या. तळण एकच. बस, एवढाच नकाशा. रोज सकाळी “आज काय करू” म्हणून कपाळावर हात मारायला नको, रिकाम्या कप्प्यात काय घालायचं एवढंच ठरवायचं.

हे आपल्याकडे बसवायला अवघड नाही. तीन भागांत इंद्रायणीचा भात. तो मुळात चिकट, त्यामुळे मुठीत दाबला की मुटका होतो आणि पोरीला हातानं उचलून खाता येतो. आजऱ्याचा घनसाळ असला तर वास सगळ्या वर्गात जाईल, पण रोज परवडायचा नाही. एका भागात अंड्याची पोळी गुंडाळून कापलेली, नाहीतर मटकीची कोरडी उसळ, नाहीतर रात्रीचा झुणका ताटलीत थापून पाडलेल्या वड्या. दोन भागांत परतलेला घेवडा, काकडी, गाजर. काकडी-गाजराला मीठ लावून पाठवू नकोस, पाणी सुटून सगळा डबा पोहायला लागतो. भाताऐवजी चपाती असेल तर मिलीचा हिशोब चालत नाही. एक चपाती भाजी घालून गुंडाळायची, तीन तुकडे करायचे, उभे लावायचे. आणि रस्सा घरी ठेवायचा. हे लिहिताना कोल्हापूरकर म्हणून माझा हात थरथरला, पण बेन्तो हा कोरड्या माणसांचा खेळ आहे.

व्हिडिओत एक गोष्ट भराभर पुढे ढकलतात, तीच खरी महत्त्वाची. जपानी माणूस गरम भातावर झाकण लावत नाही. वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन भातावर टपकतं आणि तिथून अन्न बिघडायला लागतं. भात ताटात पसरायचा, पंख्याखाली पाच-दहा मिनिटं, मग भरायचा. कप्पे गच्च भरायचे, जागा सोडायची नाही. राजारामपुरीपासून शाळेपर्यंत किती स्पीडब्रेकर आहेत ते तुला माहीत आहे. त्यांच्याकडे पांढऱ्या भाताच्या मधोमध एक लालसर खारवलेलं फळ ठेवतात, उमेबोशी. आंबट-खारट, त्याच्या आसपासचा भात जरा टिकतो, शिवाय त्यांच्या झेंड्यासारखं दिसतं. तू तिथं लिंबाच्या लोणच्याची फोड ठेव.

गाजराची फुलं परत येतात म्हणालीस आणि शेंगदाण्याची चटणी संपते. अगं, पोरीनं उत्तर दिलंय की तुला! तिला कप्पे हवेत, रंग हवेत, झाकण उघडल्यावर मैत्रिणींनी “बघू बघू” म्हणायला हवं. खायला तिला चटणीच हवी. म्हणून चटणीला रोज एक वाटी पक्की. सजावटीचा बेन्तो आठवड्यातून एकदा, आणि तो रात्री तिनं स्वतः मांडायचा. नऊ वर्षांची पोर उकडलेलं अंडं सोलू शकते, काकडी चिरू शकते, वाट्या लावू शकते. बाकी चार दिवस साधा नकाशा. तुझी झोप पाऊण तासानं वाढेल.

पहिल्या पाळीच्या आठवड्याचं काय? तिथं त्यांचा डबा तूच भर, मला त्यात वावगं वाटत नाही. सहाला घर सोडणाऱ्या माणसाला पाचला फोडणी घालायला लावणं हा उगीच सूड होईल. पण ते साडेतीनला घरी येतात आणि तू साडेसहाला. ते तीन तास त्यांचे. कपिलतीर्थची मंडई, उद्याची भाजी निवडून-चिरून फ्रीजमध्ये, मटकी भिजत, कणीक मळून, घरातले सगळे डबे घासून झाकणांसकट ओट्यावर हजर. झाकणांसकट हे शब्द मुद्दाम लिहिलेत. सकाळी पावणेसहाला झाकण शोधण्यासारखा दुसरा छळ नाही. पाळी बदलताना फौंड्रीत पुढच्या माणसाला काम सोपवून जातात, तसं. त्यांना ही भाषा तुझ्यापेक्षा चांगली येते.

आत्यांबद्दल एवढंच सांगते. मुलगा ओट्याशी उभा राहिला की त्या काहीतरी बोलणार. “बायकोच्या ताटाखालचं मांजर” हे तर ठरलेलं. उत्तर तू द्यायचं नाहीस. त्यांना समजावणं तुझं काम नाही, त्यांच्या मुलाचं आहे, आणि हे आधीच त्याच्याशी बोलून ठेव. हवं तर तो म्हणेल, “आई, तालमीतली पैलवान पोरं आपलं आपण रांधून खातात, त्यांना कोण मांजर म्हणतंय?” आत्यांच्या चटणी-भाकरीला मात्र हसू नकोस. त्या फडक्यात बांधून देत होत्या ती भाकरी, कांदा आणि खर्डा दुपारपर्यंत काही न होता टिकायची. त्यांच्याकडून खर्डा मागून घे, ठेच्याच्या बाबतीत त्यांचा हात तुला यायचा नाही.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. मी चाळिशीत असताना एकदा आठवडाभर तापानं झोपले होते. यजमानांनी माझ्या भाचीसाठी डबा भरला. आमटी साध्या झाकणाच्या डब्यात घातली. व्हायचं तेच झालं, दप्तर पिवळं, गणिताची वही पिवळी. भाची रडत घरी आली. मी अंथरुणातून उठून काय म्हटलं असेन? “राहू दे, तुमच्यानं होणार नाही.” ते काही बोलले नाहीत. पुढची चार वर्षं ओट्याकडे फिरकले नाहीत. मी ह्याला-त्याला सांगत राहिले, आमच्याकडे काडीची मदत नाही म्हणून. तो दरवाजा मीच लावला होता, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा दोडका बोटभर जाड चिरलेला असेल, तर असू दे. ओटा ओला असेल, तर असू दे. त्यांनी घासलेला डबा त्यांच्यादेखत पुन्हा घासू नकोस. त्यांच्यामागेही नको, आवाज येतो. एक अपवाद ठेव: गरम भातावर झाकण. तिथं बोल, कारण तो चवीचा नव्हे, पोटाचा प्रश्न आहे.

भांडण न होता कसं सांगायचं, असं विचारलंस. पहाटे सांगू नकोस, आत्यांच्या समोर नको, आणि दमून रडायला आलेलं असताना तर नकोच. रविवारी दुपारी मटण जेवून ते सुस्तावले की बस शेजारी. “तुम्ही कधी काही करत नाही” इथून सुरू केलंस तर ते गेल्या दिवाळीत लावलेल्या आकाशकंदिलापासून यादी काढतील. साडेनऊ ते साडेसात, दहा तास, एवढंच सांग. भाताचं सांग. मग म्हण, “दुसऱ्या पाळीचा तुमचा डबा तुमच्याकडे. मी विचारणार नाही काय केलं, आणि तुम्हीही मला विचारायचं नाही काय करू.” पहिल्या सोमवारी ते बहुधा विसरतील आणि बाहेर वडापाव खातील. तू पतसंस्थेतून फोन करून आठवण करू नकोस. हे तुला सगळ्यात जड जाईल, त्यांना नव्हे.

आणि तो गाजराची फुलं पाडायचा साचा त्यांच्या हातात देऊन टाक. फौंड्रीवाल्याला साच्याचं काम शिकवावं लागणार नाही.

तुझी,
ताई